दूरदर्शनवर जाणारा पैसा वसूल होतो का? मिरजेतल्या केबलवाल्याचा हिशोब

प्रश्न असा आला आहे: विचारणारे मूळचे पलूस तालुक्यातले, सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला. तिथं टीव्ही परवान्यापोटी त्यांना २०२५-२६ या वर्षाला १७४.५० पौंड भरावे लागले आणि त्यातून बीबीसी चालते. इकडे गावी आईवडील केबलला महिन्याला साडेतीनशे मोजतात, तर शेजारच्या घरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे आणि तिला महिन्याचा एक पैसाही लागत नाही. आपल्या करातून चालणारी टीव्ही पैसे वसूल करून देते का, आणि बाबांची केबल काढून छत्री बसवावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी नव्वदच्या दशकापासून मिरजेत केबलचा आणि मागाहून छत्र्या बसवण्याचा धंदा करतो. फ्री डिशची एक छत्री वाढली की माझं एक कनेक्शन कमी होतं. तेव्हा पुढं मी तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोललो तर ते मनापासूनचे समजा.

आधी पैसे किती जातात ते बघू, कारण याबाबत चावडीवर जे आकडे फिरतात ते बहुतेक हवेतले असतात. दूरदर्शन आणि आकाशवाणी या दोन्ही प्रसार भारतीच्या. त्यांना मिळून केंद्राच्या अर्थसंकल्पातून अलीकडच्या वर्षांत साधारण अडीच हजार कोटींच्या आगेमागे रक्कम मिळते आणि तिचा मोठा भाग पगारात जातो. देशात तीस कोटी घरं धरा. म्हणजे घरटी वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये झाले. यंत्रसामग्रीसाठी जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं २,५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली, २०२५-२६ पर्यंतची. तीही वर्षांवर वाटून यात मिळवली तरी महिन्याला घरटी दहा रुपयांच्या वर आकडा जात नाही. त्यातही निम्मा संसार रेडिओचा आहे हे विसरू नका. तुमचे १७४.५० पौंड म्हणजे आजच्या भावानं वीस हजारांच्या घरात. जवळपास दोनशे पट.

एवढ्या फरकात बीबीसीशी तुलना करण्यात अर्थ नाही. उत्पन्नातला फरक लक्षात घेतला तरी नाही. तुमच्याकडे तो पैसा परवान्याच्या नावानं वेगळा गोळा होतो, देशांतर्गत बीबीसीवर जाहिरात नसते, आणि थेट प्रक्षेपण कुठल्याही वाहिनीचं बघितलं तरी परवाना लागतो. आपल्याकडेही परवाना होता. पोस्टात जाऊन रेडिओचे वर्षाला पंधरा आणि टीव्हीचे पन्नास रुपये भरायचे, त्याचं पुस्तक असायचं, तपासनीस दारात यायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं. लोकांना बरं वाटलं. पण माझ्या मते तिथं एक गोष्ट हातची गेली: पावती. पन्नास रुपयांची का होईना, हातात पावती असली की माणूस हक्कानं विचारतो, ‘काल मध्येच चित्र का गेलं?’ आता करातून किती जातं तेच कुणाला ठाऊक नाही, मग विचारणार कोण?

आता वसुलीचं बघू. लोक ‘दूरदर्शन’ म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकात घालतात. एक म्हणजे घरापर्यंत चित्र आणणारी वाट, दुसरी म्हणजे त्या वाटेवरून येणारा कार्यक्रम. पहिलीत पैसे वसूल, व्याजासकट. दुसरीत मात्र हात आखडता.

वाटेचा भाव तुमच्या वडिलांच्या केबलच्या बिलावरूनच काढता येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाचे नवे दर लागू झाले, तेव्हा शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीला महिन्याला १३० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात मालिका नाही, सिनेमा नाही, क्रिकेट नाही. हे फक्त तार घरात आल्याचे. पुढं झी, स्टार, कलर्स, सोनी यांचे पॅक घ्यायचे, मग ते साडेतीनशे होतात. त्या वर्षी माझ्या दुकानासमोर रांग लागायची. म्हातारी माणसं कागदावर वाहिन्यांची नावं लिहून आणायची आणि विचारायची, ‘यातलं दूरदर्शन तरी फुकट हाय न्हवं?’ दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीनं द्यायच्याच होत्या, केबलच्या कायद्यानं त्या दाखवणं आम्हाला बंधनकारकच आहे. पण तार माझी, आणि तारेचे पैसे लागायचेच.

फ्री डिशवर हे तारेचे पैसेच नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं ती सुरू झाली, तेव्हा तेहेतीस वाहिन्या होत्या. आज देशात कोट्यवधी घरांत ती आहे. दीड-दोन हजारांत छत्री, बॉक्स आणि बसवणावळ, की काम झालं. बरं, ही वाट सरकारच्या डोक्यावरचा बोजाही नाही. खासगी वाहिन्यांना तिच्यावर जागा हवी असते, तिचा ऑनलाइन लिलाव होतो, त्यातून प्रसार भारतीला वर्षाला शेकडो कोटी मिळतात. म्हणजे गरिबाच्या घरात पोचायचं भाडं खासगी वाहिनी भरते. सरकारी खात्यानं इतका चोख व्यवहार केल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

ही वाट कुणाच्या उपयोगी पडते ते बघायचं तर गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या आवारात जा. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या असतात. पाचटाच्या कोपीवर बांबूला तारेनं आवळलेली छत्री, खाली बॅटरीवर चालणारा लहान टीव्ही. या माणसांना केबल कोण देणार? चार-पाच महिन्यांनी मुक्काम हलणार, पत्ता नाही, बिल कुणाच्या नावानं काढायचं? मोठ्या डीटीएच कंपन्यांचं रिचार्ज संपलं की चित्र जातं. यांची छत्री मात्र कोप मोडली की गाडीवर चढते आणि गावी जाऊन पुन्हा लागते. दिशा शोधायला यंत्रही लागत नाही त्यांना. आमच्या भागातून उपग्रह आग्नेयेला बऱ्यापैकी उंच दिसतो. पोरं आधी शेजारच्या छत्रीकडं बघून अंदाज घेतात, मग एकजण वर फिरवतो आणि दुसरा खालून ओरडतो, ‘आलं आलं, गेलं!’

जत तालुक्याच्या पूर्व भागात आणखी एक गंमत. तिथं घरात कानडी बोलणारे पुष्कळ. त्याच छत्रीवर सह्याद्रीही येते आणि बंगळुरूची डीडी चंदनाही. आजी कानडी बघते, नातू मराठी शाळेत जातो म्हणून सूनबाई सह्याद्री लावते. मी केबलवर दोन्ही भाषांतल्या खासगी वाहिन्या द्यायला गेलो तर दोन पॅक होतील.

क्रिकेटची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यावरून माझ्याशी जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरून नाहीत. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते प्रक्षेपण दूरदर्शननं आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबलवाल्यांच्या मार्फत नाही. परिणाम असा की साडेतीनशे रुपये भरणाऱ्याच्या घरी डीडीवर सामना नाही, आणि शेजारी फुकट छत्रीवर सामना चालू. लोक माझ्या अंगावर येतात, ‘आमचे पैसे घेता आणि सामना दडवून ठेवता?’ कायदा समजावून सांगेपर्यंत दहा षटकं संपलेली असतात. पण ग्राहक म्हणून बघाल तर सार्वजनिक टीव्हीनं दिलेला हा रोकडा फायदा आहे. तोच सामना बघायला एरवी खेळाचा पॅक नाहीतर मोबाइलवर वर्गणी लागते.

आता कार्यक्रमांकडं येतो. इथं माझा सूर बदलणार.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वर्षभरानं सिंहगडावरून पुण्याकडं दिसायला लागलं. साताऱ्या-सांगलीत ते पकडायला लोक घरावर वीस-वीस फुटी पाइप उभे करून बूस्टर लावायचे आणि मुंग्यांतून माणसं ओळखायचे. चौऱ्याऐंशीच्या सुमाराला देशभर लहान प्रक्षेपक लागले. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा अजून उभा आहे. असे बहुतेक सगळे जुने मनोरे गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद झाले आणि ते बरोबरच झालं. छतावरच्या काड्यांचा अँटेना लावणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मनोऱ्यांची वीज, राखण, कर्मचारी मात्र चालू होते.

पण त्या काळी शेतीचा, नाटकाचा, गाण्याचा कार्यक्रम करायला माणसं होती आणि वेळ होता. आज अर्थसंकल्पातला पैसा पगार आणि यंत्रं यांतच जिरतो. कार्यक्रमावर किती उरतो ते बघायला आकडेवारी लागत नाही, तासभर बघितलं की कळतं: तोच सेट, तेच दोन सोफे, पाहुणा आणि निवेदक. सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यातही कार्यक्रमांवरचा खर्च वाढवा हेच म्हटलं होतं. इतकी वर्षं झाली. तुम्ही हॉटेलात गेलात, टेबल-खुर्च्या चकाचक, वाढपी बारा, आणि आमटीत डाळ शोधावी लागते, तसं झालं आहे.

आमच्या भागापुरतं बोलतो. तासगावचा द्राक्ष बागायतदार घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, आणि त्याला आज संध्याकाळी कळायला हवं की उद्या सकाळी कोणती फवारणी घ्यायची, पाऊस आहे की नाही. मे २०१५ मध्ये डीडी किसान ही शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी आली. ती चोवीस तास आहे, पण हिंदी आहे आणि अख्ख्या देशासाठी आहे. गव्हाच्या तांबेऱ्यावरची चर्चा माझ्या तासगावकराला काय कामाची? २०२४ च्या मे महिन्यात तिच्यावर क्रिश आणि भूमी नावाचे दोन संगणकी निवेदक आले, कित्येक भाषा बोलणारे. बागायतदार मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आणि यूट्यूबवर गेला तो परत आला नाही. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले मोबाइलवर मिळतात. तेच शास्त्रज्ञ रोज दहा मिनिटं मराठीत, जिल्ह्याच्या हवामानासकट टीव्हीवर बसवायला किती खर्च आहे? माझ्या अंदाजानं एखाद्या मालिकेच्या एका भागाइतकाही नाही.

पुराचंही तेच. कृष्णेला पाणी चढलं की सांगलीत जो तो एकच विचारतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन हा कृष्णेवरचा पूल. तिथं चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्नच्या वर गेलं. त्या दिवसांत टीव्हीच्या बातम्यांत आमचं शहर दिवसभर दिसत होतं. होड्या, छपरं, मंत्र्यांचे दौरे. कोयनेतून किती क्युसेक सोडले, मिरजेचा कोणता रस्ता चालू आहे, दूध कुठं मिळेल, हे शोधायला मात्र फोनच फिरवावे लागत होते. माझ्या तारा पाण्यात होत्या, तेव्हा मी काय बोलणार. पण जिथं वीज होती, छत्री कोरडी होती, तिथं पडद्याच्या तळाशी जिल्हावार एक पट्टी सतत फिरवायला काय हरकत होती? खासगी वाहिनी ते करणार नाही, कारण मुंबईतल्या प्रेक्षकाला आयर्विनच्या फुटांत रस नाही. करातून चालणाऱ्या वाहिनीनं हे केलं नाही तर तिच्याकडून वेगळं काय मागायचं? त्यामानानं आकाशवाणीचं बरं. सांगली केंद्र १९६३ पासून इथंच आहे, माणसं इथली आहेत. दूरदर्शनचं राज्यात मुंबई, नागपूर, पुणे. सांगली-साताऱ्यात केंद्र नाही.

आणि एक उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलणारं. पुण्यात बालचित्रवाणी नावाची राज्याची संस्था होती, १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम बनवायची. माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना सकाळचे ते कार्यक्रम आठवतात. निधी आटला आणि २०१७ मध्ये संस्था बंद केली. तेव्हा सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं, मोबाइलच्या जमान्यात हे कोण बघतो? तीनच वर्षांनी शाळांना कुलूप लागलं. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर घरात एकच साधा मोबाइल, तोही बापाबरोबर कामावर. मग जुलै २०२० मध्ये एमकेसीएलच्या (महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या) नॉलेज फाउंडेशननं पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका बनवली आणि ती दाखवायला सह्याद्री वाहिनी उपयोगी पडली. त्या महिन्यांत बिघडलेल्या जुन्या छत्र्या दुरुस्तीला येत होत्या. पोराची इयत्ता अमुक वाजता असते, त्याच्या आधी चालू करून द्या म्हणायचे. वाट शाबूत होती म्हणून ते जमलं. पण कार्यक्रम बनवणारी आपली हक्काची माणसं आपण आधीच घरी पाठवली होती.

म्हणून ‘कोण बघतंय, विकून टाका’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. प्रेक्षकसंख्येवर मोजायचं तर अग्निशमनाची गाडीही विकावी लागेल. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर संसदेनं काढून घेतले, आणि धास्ती बसली ती आडगावच्या छोट्या केंद्रांना, कारण त्यांचा गाडाच त्यावर चालतो.

बातम्यांबद्दल थोडक्यात. पगार सरकार देतं, तेव्हा बातमीत सरकारचा कार्यक्रम पहिला येतो. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हे मी बघत आलो आहे. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये लागू झाला तो स्वायत्ततेसाठी, पण तिजोरीची किल्ली दिल्लीतच राहिली. ‘सरकारी बातम्या’ हे दूरदर्शनचं गावातलं नाव काही उगाच पडलेलं नाही. तरी माझे बरेच वयस्कर ग्राहक संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या लावतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘आरडाओरडा नसतो.’ खासगी वाहिनीवर चार चौकटींत चारजण एकमेकांवर खेकसत असताना हा काही कमी गुण नाही. तुमच्याकडे निदान सरकार बीबीसीवर नाराज असल्याच्या बातम्या येतात. आपल्याकडे सरकार दूरदर्शनवर नाराज झाल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि वसुलीत मला सगळ्यात मोठी खोट दिसते ती ही. दहा रुपयांत विश्वास मिळाला असता तर सौदा फारच स्वस्त होता.

माझं उत्तर विचाराल तर महिन्याच्या त्या दहा रुपयांत वाट, सामने आणि अडीअडचणीला उपयोगी पडणारी व्यवस्था मिळते, ती परवडते. पाच रुपये आणखी घ्या, पण ते पगारात न घालता जिल्ह्याच्या कार्यक्रमात घाला, असं मी म्हणेन. सांगलीला विष्णुदास भाव्यांपासून नाटक आहे, मिरजेत तंतुवाद्यं बनतात. इथं कॅमेरा घेऊन यायला कारणं शोधावी लागत नाहीत.

आता तुमच्या वडिलांचं. आई रोज संध्याकाळी ठरावीक मराठी मालिका बघत असेल तर केबल काढू नका. मोठ्या वाहिन्यांच्या चालू मालिका फ्री डिशवर नसतात. असतात त्या जुन्या मालिकांच्या वेगळ्या वाहिन्या, आणि त्यासुद्धा येतात-जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी त्या काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. वडिलांना बातम्या, क्रिकेट, जुने सिनेमे पुरत असतील तर छत्री उत्तम. दोन्ही ठेवायचं असेल तर केबलचा सगळ्यात लहान पॅक आणि जोडीला छत्री, तेही परवडतं.

बॉक्स घेताना एमपेग-४ चा घ्या. जुन्या एमपेग-२ च्या बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात आणि दुकानदार तेच आधी खपवायला बघतात. घराच्या आग्नेयेला नारळ किंवा शेजाऱ्याचा मजला आड येतो का ते फोनवर विचारून घ्या. येत असेल तर छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी लागेल आणि वायर जास्त लागेल. वळवाच्या मोठ्या सरीत पाच-दहा मिनिटं चित्र जाईल, त्याला इलाज नाही, बॉक्स उघडायला लावू नका. आणि फ्री डिशला महिन्याचं किंवा वर्षाचं रिचार्ज नसतं हे वडिलांना नीट सांगून ठेवा. आमच्याकडं दारोदार फिरून ‘नूतनीकरणाचे’ पाचशे रुपये गोळा करणारे भेटले आहेत, पावतीसुद्धा छापलेली असते.